हॅमिल्टनचा एएसव्ही मोड: बायपासच्या पेशंटला कितपत मानवतो?

एएसव्ही (अडॅप्टिव्ह सपोर्ट व्हेंटिलेशन) हा हॅमिल्टन कंपनीच्या गॅलिलिओ व्हेंटिलेटरवर 1998 साली आलेला मोड, म्हणजे मशीनने श्वास देण्याची एक पद्धत. उंची, स्त्री की पुरुष आणि मिनिट व्हॉल्यूमची (मिनिटाला जाणाऱ्या एकूण हवेची) टक्केवारी भरली की श्वास केवढा आणि मिनिटाला किती, ते मशीन ठरवतं. 100 टक्के म्हणजे उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला 100 मिली. म्हणूनच उंची टेपने मोजा. 152 सेंमीच्या पुरुषाला 172 भरलं, तर वजन सुमारे 18 किलोंनी फुगतं आणि हवा मिनिटाला पावणेदोन लिटरहून जास्त जाते.

खरी ताकद दिसते ती जुन्या विडी-सिगारेटवाल्या पेशंटमध्ये. हवा बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजून मशीन श्वासांची संख्या आवरतं. नाहीतर हवा आत अडकते, छातीतला दाब चढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि बीपी पडतं. तरीही स्क्रीनवरची हवेच्या फ्लोची रेषा पुढच्या श्वासाआधी शून्याला टेकते का, हे डोळ्यांनी बघाच. टेकत नसेल आणि बीपी पडत असेल, तर सर्किट (मशीनच्या नळ्या) पेशंटच्या ट्यूबपासून काही सेकंद सोडा. बीपी लगेच वर आलं तर दोष अडकलेल्या हवेचा. नाही आलं तर रक्तस्राव आणि टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साचून त्यावर आलेला दाब) शोधायला लागा, वेळ घालवू नका.

मात्र या मोडला हृदय दिसत नाही. पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) आपणच लावायचं. सुरुवात 5 सेंमी पाण्याच्या दाबाने करावी. 10 वर नेलं की उजव्या कप्प्यात रक्त कमी येतं आणि पुढे ढकलायला विरोध वाढतो. पल्मनरी हायपरटेन्शनच्या (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेल्या) पेशंटला हे झेपत नाही. पीप अगदी काढून टाकलं तर फुप्फुस मिटतं आणि विरोध पुन्हा वाढतोच.

थिएटरमधून थंडगार आलेल्या पेशंटला मिनिट व्हॉल्यूमचे 100 टक्के गरजेपेक्षा जास्त होतात. अंग तापून थरथर सुटली की तेच कमी पडतात. कार्बन डायऑक्साइड साचला की भार पुन्हा उजव्या कप्प्यावरच, त्यामुळे एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) वेळेवर हवा.

दुबळ्या डाव्या कप्प्याला मात्र मशीनचा हा छातीतला दाब आधार देत असतो. इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डावा कप्पा बाहेर ढकलतो तो रक्ताचा वाटा) 30 टक्क्यांच्या आसपास असेल, तर ट्यूब काढताच रक्ताचा परतावा आणि डाव्या कप्प्यावरचा भार एकदम वाढतो, तासाभरात फुप्फुसात पाणी भरू शकतं. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसलं तरी अशा पेशंटला आधी टी-पीसवर (ट्यूब तशीच ठेवून, मशीनच्या दाबाशिवाय) अर्धा तास बघा, आणि मास्कचं एनआयव्ही (ट्यूबशिवाय मास्कमधून श्वासाला आधार देणारं मशीन) उशाशी जोडून तयार ठेवा.