लिंबू, केळं की बटाटा? विज्ञान प्रदर्शनासाठी घरगुती बॅटरी

शाळेच्या प्रदर्शनात बॅटरी म्हटली की लिंबांचीच रांग लागते. लिंबाची बाजू लंगडी नाही. जस्ताचा थर असलेला खिळा आणि तांब्याची तार खुपसली की एका लिंबातून साधारण ०.९ व्होल्ट मिळतात, पण बटाट्यातूनही जवळपास तेवढेच. व्होल्टेज ठरवतात ते धातू, फळ फक्त मधला रस पुरवतं आणि झिजतं ते जस्त. त्यामुळे व्होल्टेज बघून निवड करू नका.

माझं मत फिरलं ते टेबलावर. लिंबू घरंगळतं. एकाला क्लिप लावायला जावं तर वायर शेजारच्याला ओढते, खिळ्याचं भोक मोठं होतं आणि परीक्षक समोर आले की लाल एलईडी मिचमिचायला लागतो. मग पोरं लिंबं अर्धी कापून पालथी ठेवतात. रस टेबलभर पसरतो, एका फोडीचा दुसरीला मिळतो आणि जोडणीचा सगळा खेळ संपतो.

बटाटा अर्धा कापून पालथा ठेवला की बसला. खिळाही घट्ट धरतो. कच्च्यापेक्षा उकडलेला बरा: पेशी फुटल्याने विजेला होणारा आतला रोध कमी होतो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे दाखवलं होतं, शक्ती सुमारे दहापट मिळाली म्हणे. दहापट मी मोजलेली नाही, पण छोटं डिजिटल घड्याळ उकडलेल्या बटाट्यांवर जास्त निवांत चालतं एवढं नक्की. मात्र वांग्याच्या भरतासारखा मऊ करू नका, खिळा उभा राहणार नाही.

आता केळं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे रावेर-यावलकडच्या शाळेत केळ्याची बॅटरी मांडली तर गर्दी तुमच्याच टेबलावर. गर्दीच हवी असेल तर जरूर मांडा, फक्त कच्चं, हिरवं घ्या. पिकलेलं आपल्या उन्हात दुपारपर्यंत ढेपाळतं.

कुणाला लिंबाचा अनुभव चांगलाही असेल. चार लिंबं वाटीत घट्ट बसवली तर एलईडी लागतो, नाही म्हणत नाही. घाई असेल तर तेवढंही पुरे. पण दिवसभर मांडून ठेवायचं असेल, तर मी बटाटेच उकडायला टाकीन.

काहीही निवडा, तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलीत तर टोकं पॉलिश पेपरने खरडून घ्या. तिच्यावर वीज अडवणारं वार्निश असतं, रंग तांब्याचाच दिसतो, आणि मग उगाच बटाट्याला दोष लागतो. आणि प्रयोगातले बटाटे भाजीत जाऊ देऊ नका, त्यांत जस्त उतरलेलं असतं.