ड्युअल बँड व्हर्टिकल: पाव तरंग, जे-पोल की फायबरग्लासची लांब काठी?

हौशी रेडिओचा (हॅम) परवाना हाती येतो, हँडीवरच्या, म्हणजे हातात मावणाऱ्या रेडिओवरच्या, रबरी अँटेनेने जवळचा रिपीटर (आपला सिग्नल उंचावरून पुन्हा दूरवर पाठवणारं केंद्र) उघडायला लागतो, आणि मग उंचावर कायमची अँटेना उभारण्याचे वेध लागतात. २ मीटर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) आणि ७० सेंटिमीटर (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास) हे दोन्ही बँड एकाच केबलवर हवे असतात, म्हणून ड्युअल बँड. एफएम आणि रिपीटरचं जग उभ्या ध्रुवीकरणावर चालतं, आडव्या अँटेनेने ऐकलं तर प्रत्यक्षात २० डेसिबलच्या आसपास, म्हणजे शंभर पट, नुकसान होऊ शकतं, म्हणून व्हर्टिकल. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. कॅटलॉग उघडला की मात्र नजर थेट गेनच्या (अँटेना ऊर्जा एका दिशेला किती एकवटते त्याच्या) आकड्यावर जाते आणि सगळ्यात लांब अँटेनाच सगळ्यात चांगली वाटू लागते.

माझं मत असं की गेनचा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. ज्यांच्याशी बोलायचं ती स्टेशनं आपल्याकडून पाहिली तर क्षितिजापासून किती वर आहेत? आणि रेडिओपासून अँटेनेपर्यंत किती मीटर केबल पडणार आहे? या दोन उत्तरांवर निम्म्याहून जास्त निवड आपोआप होते.

तिपटीचा योग आणि त्यातली फसगत

१४५ मेगाहर्ट्झची तिप्पट ४३५. म्हणजे २ मीटरसाठी कापलेली पाव तरंगलांबीची काडी, जी साधारण ४९ सेंटिमीटर भरते, ती ७० सेंटिमीटरवर पाऊण तरंगलांबीची होते. तिथेही तिचा इंपिडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) केबलशी जुळणाऱ्या ५० ओहमच्या आसपास येतो, अँटेनेकडून किती ऊर्जा परत फिरते ते दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरचा काटा खाली राहतो आणि आपण खूश होतो. पण ऊर्जा कोणत्या दिशेला चालली आहे हे मीटरला कळत नाही. पाऊण तरंगलांबीच्या काडीचा मोठा झोत क्षितिजाकडे न जाता ४५ अंशांच्या आसपास वर चढतो. दूरच्या रिपीटरसाठी ही ऊर्जा वाया गेली.

ड्युअल बँड अँटेनांमधला खरा फरक या एका प्रश्नातून कळतो: ७० सेंटिमीटरवर झोत खाली ठेवण्यासाठी बनवणाऱ्याने काय केलं आहे? कोणी त्या बँडसाठी वेगळी छोटी काडी देतं, कोणी मधे स्टब (ठराविक लांबीचा जोडतुकडा) घालतं, कोणी फेजिंग कॉइल बसवून तुकड्यांचे प्रवाह एकाच फेजमध्ये, म्हणजे एका तालात, आणतं. काहीच केलेलं नसेल, तर ‘ड्युअल बँड’ या शब्दाचा अर्थ फक्त ‘दोन्ही बँडवर एसडब्ल्यूआर बरा आहे’ एवढाच घ्यावा.

पाव तरंगलांबीची ग्राउंड प्लेन

एक उभी काडी आणि खाली चार रेडियल, म्हणजे मध्यापासून बाहेर पसरलेल्या तारा. रेडियल आडवे ठेवले तर इंपिडन्स ३६ ओहमच्या आसपास असतो, ४५ अंश खाली झुकवले की ५० च्या जवळ येतो. चेसिसवर बसवायच्या एका एसओ-२३९ सॉकेटला पाच तारा डाग देऊन जोडल्या की अँटेना तयार. दोन्ही बँड नीट हवे असतील तर त्याच मध्यबिंदूवर ४९ सेंटिमीटरच्या काडीशेजारी सुमारे १६ सेंटिमीटरची दुसरी काडी लावतात. दोन्ही एकमेकींवर परिणाम करतात, म्हणून आधी लांबवाली जुळवावी, मग छोटी, मग पुन्हा लांबवाली तपासावी.

तिची मर्यादा गेनची. पण तिचा झोत उभ्या दिशेत रुंद असतो आणि हाच काही ठिकाणी तिचा मोठा गुण ठरतो. जवळच्या उंच डोंगरावरचा रिपीटर, खालच्या खोऱ्यातली स्टेशनं, हलणारा किंवा थोडा कललेला खांब, यातलं काहीच तिला फारसं खटकत नाही. आणि वर ज्या पाऊण तरंगलांबीच्या झोताला मी वाया गेलेला म्हटलं, तोच उपग्रहांसाठी कामाला येतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा एफएम रिपीटर १४५.९९० वर ऐकतो आणि ४३७.८०० वर बोलतो. तो डोक्यावरून जात असताना एकच ४९ सेंटिमीटरची काडी असलेली साधी ग्राउंड प्लेन पाच मीटरच्या काठीपेक्षा पुष्कळदा बरं ऐकते. उपग्रहांची आवड असेल तर ही घरात असायलाच हवी, दुसरी कोणतीही घेतली तरी.

जे-पोल

हिचं मूळ जुनं आहे. जर्मनीतल्या हान्स बेगेरोव यांनी १९०९ मध्ये झेपेलिन हवाई जहाजांसाठी पेटंट घेतलेल्या, जहाजाखाली लोंबणाऱ्या अँटेनेची ही वंशज. अर्ध्या तरंगलांबीची काडी आणि तिला खालून ऊर्जा देणारा पाव तरंगलांबीचा जोड. तांब्याच्या पाइपातली २ मीटरची जे-पोल साधारण दीड मीटर भरते. रेडियल लागत नाहीत, त्यामुळे ती सडपातळ राहते, वारा कमी धरते. ३०० ओहमच्या चपट्या रिबन केबलची बनवली तर गुंडाळून पिशवीत मावते. प्रवासात झाडाच्या फांदीला टांगायला याहून सोयीचं मी काही वापरलेलं नाही.

पण दोन ठिकाणी ती दगा देते. पहिलं वर सांगितलंच: साधी जे-पोल ७० सेंटिमीटरवर दीड तरंगलांबीची होते आणि झोत वर जातो. खरी ड्युअल बँड जे-पोल हवी असेल तर वरचा भाग त्या बँडवर तोडणारा स्टब तिच्यात आहे का ते पाहावं, किंवा ७० सेंटिमीटरसाठी स्वतंत्र घटक असलेला नमुना निवडावा. दुसरं, टोकाकडून ऊर्जा घेत असल्याने केबलच्या बाहेरच्या आवरणावरही प्रवाह वाहू लागतो. मग केबल स्वतःच अँटेनेचा भाग होते, हात लावला की एसडब्ल्यूआर बदलतो आणि घरातल्या उपकरणांचा गोंगाट रिसीव्हरमध्ये येतो. जोडाच्या लगेच खाली केबलचे चार-पाच वेढे किंवा योग्य मिश्रणाचे फेराइट मणी घातले की हा त्रास बराच आटोक्यात येतो. एकाच जागी उभारलेली जे-पोल आणि ग्राउंड प्लेन यांत २ मीटरवर ऐकून ओळखता येईल असा फरक क्वचितच असतो. निवड जागेवरून करावी.

फायबरग्लासच्या तयार अँटेना: मध्यम आणि लांब

पांढऱ्या नळीतल्या या कोलिनिअर अँटेनांमध्ये एकावर एक तुकडे रचून झोत चपटा केलेला असतो. नवी ऊर्जा कुठूनही येत नाही. वर आणि खाली जाणारी ऊर्जा काढून क्षितिजाकडे वळवली जाते, इतकंच. डायमंड या कंपनीच्या तीन अँटेनांचे तिनेच दिलेले आकडे शेजारी ठेवून पाहू:

| अँटेना | लांबी | २ मीटर | ७० सेंटिमीटर |
|---|---|---|---|
| एक्स-५० | १.७ मी. | ४.५ डीबीआय | ७.२ डीबीआय |
| एक्स-२०० | २.५ मी. | ६.० डीबीआय | ८.० डीबीआय |
| एक्स-५१० | ५.२ मी. | ८.३ डीबीआय | ११.७ डीबीआय |

हे आकडे (डीबीआय) आयसोट्रॉपिक, म्हणजे सगळ्या दिशांना सारखी ऊर्जा पाठवणाऱ्या काल्पनिक, अँटेनेच्या तुलनेत आहेत. डायपोलशी, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीच्या साध्या अँटेनेशी, तुलना (डीबीडी) करायची तर प्रत्येकातून २.१५ वजा करावेत. म्हणजे एक्स-५० चे ४.५ डीबीआय हे डायपोलपेक्षा जेमतेम २.३५ डेसिबल जास्त. दोन कंपन्यांच्या अँटेना ताडताना एकीचा आकडा डीबीआयमध्ये आणि दुसरीचा डीबीडीमध्ये नाही ना, हे आधी पाहावं. एकक लिहिलेलंच नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नये.

१.७ मीटरवरून ५.२ मीटरवर गेलं की ७० सेंटिमीटरवर साडेचार डेसिबल मिळतात. सिग्नल आधीच स्वच्छ असेल तर एफएमवर हा फरक कानाला कळणारच नाही. पण खरखरीच्या काठावर असलेल्या दूरच्या स्टेशनसाठी तेच साडेचार डेसिबल ‘काहीच कळत नाही’ आणि ‘सगळं कळलं’ यांतलं अंतर असू शकतात. त्यामुळे सपाट मुलूख आणि लांबची स्टेशनं असतील तर लांब काठीची किंमत वसूल होते.

डोंगराळ भागात हिशोब बदलतो. रिपीटर तुमच्यापेक्षा ६०० मीटर उंच आणि ३ किलोमीटरवर असेल, तर तो क्षितिजापासून ११ अंशांहून वर दिसतो. पाच मीटरच्या अँटेनेचा ७० सेंटिमीटरवरचा झोत उभ्या दिशेत काही अंशांचाच असतो. रिपीटर त्या झोताच्या बाहेर पडतो आणि १.७ मीटरची अँटेना त्याच जागेवरून जास्त चांगली चालू शकते. तोच रिपीटर ३० किलोमीटरवर असता तर कोन एक अंशाच्या आसपास आला असता आणि लांब अँटेना पुढे गेली असती. नकाशावरून उंची आणि अंतर काढून हा कोन मोजायला दहा मिनिटं लागतात. खरेदीआधी ती द्यावीत.

लांब काठीचा आणखी एक खर्च कॅटलॉगमध्ये दिसत नाही. ती तुकड्यांत येते, प्रत्येक जोड वाऱ्यात हलतो, आणि आतला एखादा डाग सुटला की वारा आला की खरखर व एसडब्ल्यूआरची उडी असा आजार सुरू होतो. तिला जाड पाइप, दोन पक्के आधार आणि बहुतेक वेळा तणावे लागतात. एकट्याने शिडीवर चढून उभी करायची ही वस्तू नाही. जवळपास विजेची तार असेल तर खांब आणि अँटेना मिळून जेवढी उंची होते, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त अंतर ठेवावं. ते जमत नसेल तर तिथे कोणतीच अँटेना उभारू नये.

केबल: जिथे लढाई जिंकली किंवा हरली जाते

हा भाग लोक घाईत उरकतात आणि म्हणूनच मला इथे थांबायचं आहे. ३० मीटर केबलमधलं साधारण नुकसान असं:

| केबल | १४५ मेगाहर्ट्झ | ४३५ मेगाहर्ट्झ |
|---|---|---|
| आरजी-५८ | ५ ते ६ डेसिबल | सुमारे १० डेसिबल |
| आरजी-२१३ | अडीच ते पावणेतीन डेसिबल | सुमारे ५ डेसिबल |
| एलएमआर-४०० | सुमारे दीड डेसिबल | सुमारे २.७ डेसिबल |

१० डेसिबल म्हणजे ५० वॅटमधले ५ वॅट वर पोचतात. येणारा सिग्नलही तितकाच खचतो, आणि तो पॉवर वाढवून परत मिळत नाही. आरजी-५८ काढून एलएमआर-४०० घातली तर ४३५ वर सात डेसिबलहून जास्त परत मिळतात. एक्स-५० देऊन एक्स-५१० घेतल्याने मिळणाऱ्या साडेचारपेक्षा हे कितीतरी जास्त. तेव्हा खिशात एकाच गोष्टीचे पैसे असतील आणि केबल लांब असेल, तर मध्यम अँटेना आणि उत्तम केबल घ्यावी. केबल पाच-सहा मीटरचीच असेल तर आरजी-२१३ पुरते.

खचणारी केबल एसडब्ल्यूआरही सुंदर दाखवते. १० डेसिबल नुकसानाच्या केबलचं वरचं टोक पूर्ण उघडं ठेवलं, अँटेना लावलीच नाही, तरी खाली मीटर १.२ च्या आसपास दाखवेल. परत येणारी लाट जाता-येता मिळून २० डेसिबल खचलेली असते. माझ्या पहिल्या जोडणीत असंच झालं. वरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून तो हिरवा पडला होता, आणि मी खालचा छान आकडा पाहून महिनोन् महिने रिपीटरलाच दोष देत होतो. तेव्हापासून मी अँटेनेच्या पायथ्याशीच अँटेना विश्लेषक (एसडब्ल्यूआर मोजणारं यंत्र) लावून मोजतो, दोन्ही बँडवर, आणि मग खाली रेडिओजवळ पुन्हा.

एसडब्ल्यूआर १.५ असेल तर फक्त ४ टक्के शक्ती परत फिरते, २ असेल तर ११ टक्के. १.४ चा १.१ करण्यात दुपार घालवू नये. तो वेळ जोड जलरोधक करण्यात घालवावा: आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून, वर ऊन सोसणारी विनाइल टेप, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झुकणारा एक वेढा, म्हणजे पाणी तिथून टपकून जातं. अँटेनेच्या तळाशी पाणी निथळायचं भोक असेल तर ते मात्र टेपने बुजवू नये. पर्याय असेल तर एन कनेक्टरची आवृत्ती घ्यावी. ती पाण्याला जास्त दाद देत नाही आणि ७० सेंटिमीटरवर पीएल-२५९ या नेहमीच्या प्लगपेक्षा सरस असते.

उंची

रेडिओ क्षितिजाचं किलोमीटरमधलं अंतर हे मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाच्या ४.१२ पट येतं. ५ मीटरवर ९ किलोमीटर, १० मीटरवर १३, २० मीटरवर १८. समोरच्या स्टेशनचं अंतर यात मिळवायचं. अडथळे चुकवून अँटेना चार मीटर वर नेता आली तर ग्राउंड प्लेनही खाली गच्चीच्या कठड्यामागे दडलेल्या लांब काठीला मागे टाकते. मात्र वर नेताना केबलही वाढते, म्हणून वरचा तक्ता पुन्हा पाहावा. धातूच्या खांबाच्या बाजूला आडव्या हातावर लावलेल्या अँटेनेचा झोत एका बाजूला ओढला जातो. शक्य असेल तर तिला खांबाच्या टोकावरच जागा द्यावी. अर्थिंग आणि केबलवरचा, आकाशातल्या विजेपासून बचाव करणारा वीजरोधक खांबाबरोबरच बसवावेत, नंतरसाठी ठेवू नयेत.

कोणी काय घ्यावं

भाड्याच्या घरात, बाल्कनीत किंवा फिरतीवर असाल तर स्टब असलेली ड्युअल बँड जे-पोल. शिकायचं असेल किंवा डोंगराच्या पायथ्याशी राहत असाल तर दोन काड्यांची ग्राउंड प्लेन, आणि उपग्रह ऐकायचे असतील तर एकाच ४९ सेंटिमीटरच्या काडीची, स्वतःच्या हाताने बनवलेली. कायमच्या स्टेशनसाठी, काही विशेष गरज नसेल तर, दीड ते अडीच मीटरची फायबरग्लास अँटेना. दहापैकी आठ जणांना मी हीच सुचवतो. पाच मीटरची काठी सपाट मुलखातल्या, पक्का खांब आणि उत्तम केबल आधीच असलेल्या माणसासाठी.

आणि तुमच्याकडे अजून फक्त स्वस्त हँडीच असेल, तर मोठ्या गेनची अँटेना सध्या थांबवा. अशा बऱ्याच रेडिओंचा रिसीव्हर पुढच्या टप्प्यात पुरेसा गाळत नाही. उंच अँटेनेवरून आजूबाजूच्या प्रसारण केंद्रांचे जोरदार सिग्नल एकदम आत आले की तो बहिरा होतो आणि रबरी अँटेनेवर ऐकू येणारं स्टेशनही नाहीसं होतं. आधी ग्राउंड प्लेन लावून पाहा. तिच्यावर ऐकणं सुधारलं तर पुढे जा. बिघडलं तर पुढची खरेदी चांगल्या रेडिओची असू द्या.