कोकणातल्या वर्कशॉपसाठी बँडसॉचं पातं: कार्बन, बायमेटल की कार्बाइड?

रत्नागिरी, कुडाळ किंवा महाडच्या एमआयडीसीत छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असेल, तर एकाच आठवड्यात काय काय कापायला येईल याचा नेम नसतो. गेटसाठी चौकोनी पाईप, शेडचे अँगल आणि चॅनल, आंबा कॅनिंगच्या यंत्रासाठी एसएस ३०४ चा (स्टेनलेस स्टीलची एक जात) राऊंड म्हणजे गोल भरीव सळई, मच्छीमार बोटीचा शाफ्ट, मधूनच गनमेटलचा (तांब्याचा मिश्रधातू) बुश. हे सगळं बँडसॉवर, म्हणजे दातेरी पट्टीचं कडं फिरवून कापणाऱ्या मशीनवर, चढलेल्या एकाच पात्याने कापलं जातं आणि दात झडले की दोष पात्याच्या कंपनीला मिळतो. पातं घेताना पहिला प्रश्न कंपनीचा नसतोच. पातं कशाचं आणि इंचाला दात किती, हे आधी ठरवायचं.

कार्बन स्टीलचं पातं सर्वांत स्वस्त. लाकूड, प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम आणि कधीमधी थोडं एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड), एवढ्यासाठी ते पुरतं. पण त्याचे दात साधारण दोनशे अंशांच्या वर तापले की नरम पडायला लागतात आणि एसएस कापताना दाताच्या टोकाशी तेवढी उष्णता सहज तयार होते. बायमेटलमध्ये मागची पट्टी लवचिक स्प्रिंग स्टीलची असते आणि तिच्या कडेला हायस्पीड स्टीलची पट्टी वेल्ड करून त्यात दात पाडलेले असतात. हे दात पाचशे अंशांच्या पुढेही धार टिकवतात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या एम-४२ जातीत कोबाल्ट सुमारे ८ टक्के असतं. लोखंड रोज कापत असाल तर कार्बनचा विचार सोडून द्या. बायमेटलला जास्त दिलेले पैसे वाचलेल्या वेळात आणि सरळ कापात वसूल होतात.

कार्बाइडच्या टोकाचं पातं मात्र बहुतेकांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. टायटॅनियम, निकेलचे मिश्रधातू किंवा मोठ्या व्यासाचे भरीव एसएस राऊंड दिवसभर कापायचे असतील आणि मशीन दोन खांबांचं, जड, न थरथरणारं असेल, तर त्याला तोड नाही. हाताने खाली येणाऱ्या बिजागरीच्या मशीनवर, त्यातही पाईप किंवा अँगलवर, ते चढवलं तर कार्बाइडचे तुकडे उडतात. मग महाग पातं काही कापांतच बाद.

आता दातांकडे येऊ, कारण बहुतेक पाती इथेच मरतात. कापाच्या आत कुठल्याही क्षणी किमान तीन दात हवेत. भरीव मालात सहा ते बारा असले तर उत्तम. ५० मिमीच्या राऊंडला ४/६ चं, म्हणजे इंचाला चार ते सहा दातांचं, पातं लावलं की मध्यावर आठ ते बारा दात कामात राहतात. तिथेच १०/१४ लावलं तर वीसपेक्षा जास्त दात आत जातात, दातांमधल्या खाचा चुऱ्याने भरतात आणि पातं कापायचं सोडून घासत बसतं. उलट २-३ मिमी भिंतीच्या पाईपवर ४/६ चढवलं तर दात भिंतीत अडकतो आणि मोडतो. तिथे १०/१४ च हवं. शंभर मिमी किंवा त्याहून जाड भरीव मालाला २/३ किंवा ३/४. पाईप निवडताना बाहेरच्या व्यासाइतकीच भिंतीची जाडीही पाहा. अँगल व्हाइसमध्ये कोपरा वर करून, उलटा बांधा. म्हणजे आडवी सपाट बाजू पात्यावर एकदम येत नाही.

एसएसचं गणित वेगळं आहे. एमएसला पात्याचा मिनिटाला ७०-८० मीटर वेग चालतो. ३०४ आणि ३१६ ला तो ३०-३५ वर आणावा लागतो, म्हणजे पुलीवरचा पट्टा खालच्या टप्प्यावर. पण वेग कमी केला म्हणून दाब कमी करायचा नाही. पातं न कापता नुसतं फिरत राहिलं की कापाच्या तळाशी आरशासारखा चकचकीत पट्टा दिसतो. तो थर कडक झालेला असतो आणि पुढचा प्रत्येक दात त्यावर बोथट होतो. काप सुरू झाला की शेवटपर्यंत दाब सलग हवा. मध्येच वीज गेली, आणि पावसाळ्यात ती जातेच, तर आर्म वर उचलून मगच मशीन पुन्हा चालू करा. पातं बदलावं लागलं तर नवं पातं जुन्या फटीत घालू नका, जॉब (कापायचा माल) फिरवून दुसऱ्या बाजूने काप घ्या.

पितळ आणि गनमेटल सोपे, वेग एमएसपेक्षा थोडा जास्त चालतो. ॲल्युमिनियमला मोठे दात आणि भरपूर वेग द्या, नाहीतर खाचा चिकट चुऱ्याने बुजतात. बीड (ओतीव लोखंड) कोरडं कापलं तरी चालतं. बोटीवरून उतरवलेला जुना शाफ्ट असेल तर त्यावर चिकटलेलं शंखशिंपल्यांचं कवच आणि वाळू आधी घासून काढा. तेवढी वाळूसुद्धा नव्या दातांची धार घालवते.

कूलंटच्या, म्हणजे कापताना पातं गार ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणातल्या, पाण्याकडे आपल्याकडे कुणी पाहत नाही. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी वापरलं तर तेल आणि पाणी फुटून वेगळं होतं, आणि जॉबवर, मशीनच्या बेडवर गंज चढतो. गोडं पाणी घ्या, पावसाचं साठवलेलं असलं तर फारच छान. त्यात ८-१० टक्के विरघळणारं तेल घाला. तेल पाण्यात ओतायचं, पाणी तेलात नाही.

मिश्र काम असेल तर मी दोन बायमेटल पाती घ्यायला सांगेन: पाईप-अँगलला १०/१४ आणि भरीव मालाला ४/६. दोन्ही एम-४२. नवं पातं चढवल्यावर पहिले काही काप निम्म्या दाबाने घ्या, म्हणजे दातांची अतितीक्ष्ण टोकं तुटत नाहीत. नंतर ट्रेमधला चुरा पाहत राहा. सैल गुंडाळलेला, चांदीच्या रंगाचा आला तर दाब बरोबर आहे. धुळीसारखा बारीक आला तर वाढवा, निळा-करपलेला आला तर कमी करा. ऑर्डर देताना लांबी, रुंदी, जाडी (उदाहरणार्थ २७ × ०.९ मिमी), दात आणि पात्याची जात, पाचही गोष्टी लिहून द्या. लांबी मशीनच्या प्लेटवरून घ्या. जुनं पातं मोजून घेतलं आणि ते आधी कुणी तोडून पुन्हा वेल्ड केलेलं असलं, तर माप चुकतं.