जांभळा बटण गुलाब, वासासकट: अकरा महिन्यांनंतर

बटण गुलाबाला वास नसतो, हे इतक्यांदा ऐकलं होतं की ‘स्वीट चॅरियट’ मागवताना मी फक्त रंगासाठी पैसे मोजले. कॅलिफोर्नियाच्या राल्फ मूर यांनी १९८४ मध्ये आणलेली ही जात. छोट्या गुलाबांमागे या माणसाने उभं आयुष्य घातलं. माझं रोप मात्र नोव्हेंबरात खोक्यातून निघालं तेव्हा वीतभर होतं आणि अर्धी पानं पिवळी. विकणाऱ्याला फोटो पाठवले; उत्तर आलं, ‘प्रवासात असं होतंच.’ बरं.

आम्ही पार्ल्यात, तिसऱ्या मजल्यावर. पूर्वेच्या ग्रिलमध्ये सकाळी चारेक तास ऊन येतं. दहा इंची कुंडीत लाल माती, गांडूळखत आणि पुस्तकी सल्ल्याप्रमाणे भरपूर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलं. इथेच चुकले. आपल्या हवेत कोकोपीट वाळतच नाही. जानेवारीत कुंडी पालथी केली, कोकोपीट जवळपास सगळं काढलं, जाड वाळू मिसळली आणि पंधरा दिवसांत लालसर फुटवे आले.

फेब्रुवारीत पहिला घोस आला. फूल रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, पाकळ्या गच्च, उमलताना गडद जांभळं आणि दोन दिवसांत फिकट. वास खरंच आहे! पण तो घ्यायचा तर सकाळी सातला. अकरानंतर नाक टेकवलं तरी हाती काही लागत नाही. सासूबाईंचा निकाल वेगळा: ‘देठ एवढासा, देवाला कसं वाहू?’ एप्रिलच्या उन्हात रंगही राखाडी-गुलाबी होतो, तेव्हा फोटोतल्या रंगावर जाऊ नका. आणि निळ्या गुलाबाचं बी विकणाऱ्यांवर तर मुळीच नाही. गुलाबात निळं रंगद्रव्यच तयार होत नाही.

मे महिन्यात पानांमागे लाल कोळी ही बारीक कीड आली. आठवडाभर रोज सकाळी पानं खालून पाण्याने धुतली आणि ती गेली. धुण्याचं पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेलं, ते प्रकरण मात्र सोसायटीच्या मीटिंगपर्यंत पोचलं.

खरी परीक्षा पावसाची. काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहिलं तरी पुरतं, आणि जुलैत आपल्याकडे ते दिवसच्या दिवस ओलं असतं. मँकोझेब हे बुरशीनाशक फवारलं की संध्याकाळच्या सरीत धुऊन जायचं. शेवटी फवारणी सोडली. कुंडी ग्रिलमधून आत, छज्जाखाली ओढली, ठिपक्यांची पानं रोज खुडून कचऱ्यात टाकली (खताच्या डब्यात नाही), खत बंद केलं. ऑगस्टअखेर झाड जवळजवळ बोडकं होतं. फेकून द्यायच्या बेतात होते. सप्टेंबरात उघडीप मिळाली, एक तृतीयांश छाटलं, मूठभर शेणखत दिलं, आणि आज त्यावर अकरा कळ्या आहेत.

पुन्हा घेईन का? घेईन, पण नोव्हेंबरातच. जूनमध्ये आणलेलं कोवळं रोप हा पावसाळा काढणार नाही.

छाटलेल्या काड्यांपैकी तीन वाळूत खोचल्या होत्या, दोन जगल्या. एक खालच्या काकूंना कबूल केली आहे. त्यांची खिडकी पश्चिमेची, दुपारभर तापते. तेवढीच काळजी आहे.