ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हल: फिट्झरॉयची फूटी बघायची तर इथंच

मेलबर्नला पाहुणे आले की त्यांना एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, दाखवायची आपल्याकडे रीतच पडली आहे. जरूर दाखवा. पण फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, या शहराच्या अंगात किती मुरली आहे ते बघायचं असेल तर हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवारी दुपारी एडिनबरो गार्डन्समधल्या ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हलवर, म्हणजे फिट्झरॉय क्लबाच्या घरच्या मैदानावर, जा. पाचपैकी साडेचार तारे. उरलेला अर्धा वाऱ्यानं नेला.

जायला ११ नंबरची ट्राम. मी त्याच मार्गावर ट्राम चालवते, म्हणून खात्रीनं सांगते, गाडी आणायच्या भानगडीत पडू नका, आसपासच्या गल्ल्यांत जागा मिळत नाही. कॉलिन्स स्ट्रीटवर बसा. ब्रन्सविक स्ट्रीटनं सरळ उत्तरेला येत अलेक्झांड्रा परेड ओलांडली की थोड्याच वेळात उजव्या हाताला बाग लागते आणि झाडांतून जुन्या स्टँडचं छप्पर दिसतं. सामन्याच्या दिवशी लाल-निळा-सोनेरी मफलर गळ्यात घातलेली म्हातारी मंडळी ट्राममध्ये दिसतात. ती उतरतील तिथंच उतरायचं.

हे स्टँड १८८८ सालचं. बिडाच्या नक्षीची झालर, लाकडी बाकं, लाकडी पायऱ्या. वारसा वास्तू म्हणून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. वरच्या रांगेत बसलात तर अख्खं मैदान डोळ्यांखाली येतं. जुलैत वारा मात्र असा सुटतो की चहाचा कप हातात गार होतो. वडीलधाऱ्यांना आणणार असाल तर उशी आणि कानटोपी बरोबर घ्या. खायला सॉसेज, मांस भरलेली पाय नावाची पेस्ट्री, चिप्स, एवढंच. शाकाहारी माणसांनी घरून डबा आणावा. मी थालीपीठ नेते, आणि शेजारी बसलेल्यांना त्याचं मोठं कौतुक असतं.

मुख्य संघाचा सामना साधारण दोनला सुरू होतो, त्याआधी राखीव खेळाडूंचा असतो. महिलांचे संघही आहेत. सगळे हौशी खेळाडू, खेळायचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. मला सगळ्यात आवडतो तो चारपैकी तिसऱ्या क्वार्टरनंतरच्या सुट्टीचा वेळ. एमसीजीवर कुंपणाच्या आत पाऊल टाकलंत तर पोलीस उचलून नेतील. इथं लोक सरळ मैदानात उतरतात. खेळाडूंचं कडं होतं, मधे कोच उभा, आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून आजोबा, नातवंडं, कुत्र्याचा पट्टा धरलेल्या बायका त्याचं बोलणं ऐकत असतात. बाकीची पोरं तेवढ्यात आपापले चेंडू काढून लाथाडत सुटतात. घामाचा आणि चिखलाचा वास येतो, कोच काय ओरडतोय ते शब्द न् शब्द कळतं. तुमच्या मुलांना खेळाची गोडी लावायची असेल तर ही थोडी मिनिटं चुकवू नका.

आता क्लबाबद्दल. ते माहीत नसेल तर नुसतंच एक साधं मैदान बघून परत जाल.

फिट्झरॉय क्लब १८८३ चा. १८९७ मध्ये व्हीएफएल ही फूटीची लीग सुरू झाली, देशातली आजची मुख्य लीग एएफएल ती हीच, तेव्हा पहिल्या आठ संघांत फिट्झरॉय होता. त्यांनी आठ अजिंक्यपदं जिंकली, शेवटचं १९४४ मध्ये. हेडन बंटननं मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक तीनदा घेतलं, १९३१, १९३२ आणि १९३५ मध्ये. केव्हिन मरे या क्लबासाठी ३३३ सामने खेळला. १९७९ मध्ये फिट्झरॉयनं मेलबर्न संघाला २३८ विरुद्ध ४८ असं हरवलं. १९० गुणांचा तो फरक आजही लीगमधला सर्वांत मोठा आहे. आणि डग निकोल्स. आदिवासी समाजातला हा तरुण आधी कार्लटन क्लबाकडे गेला होता. त्याच्या कातडीच्या रंगामुळे तिथं त्याला अंगाला मालीश करून द्यायलाही नकार मिळाला. १९३२ पासून तो फिट्झरॉयकडून खेळला, बंटननं त्याला आपल्या जवळ घेतलं. पुढे हाच माणूस सर डग निकोल्स झाला, साउथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर झाला, आणि आज एएफएलची आदिवासी सन्मानाची फेरी त्याच्या नावानं खेळली जाते. तो याच मैदानावर धावला. स्टँडमध्ये बसून मुलांना मी हे पहिल्यांदा सांगते, पदकं आणि चषक नंतर.

एवढा मोठा क्लब १९९६ मध्ये एएफएलमधून बुडाला, तो कसा? सगळे म्हणतात, पैशानं. पैसा संपला होता हे खरंच. पण माझं मत असं की फिट्झरॉय बुडायला लागला तो १९६६ च्या मोसमानंतर हे मैदान सुटलं तेव्हा. त्यानंतरची तीस वर्षं नुसती बिऱ्हाडं बदलण्यात गेली. आधी कार्लटनचं प्रिन्सेस पार्क. १९७० पासून सेंट किल्डाचं जंक्शन ओव्हल, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. १९८५ आणि ८६ मध्ये व्हिक्टोरिया पार्क, जे कॉलिंगवूडचं. स्मिथ स्ट्रीटच्या अलीकडे फिट्झरॉय आणि पलीकडे कॉलिंगवूड, एका रस्त्याचं अंतर आणि पिढ्यांचं वैर, आणि त्यांच्याच दारात घरचे सामने. मग पुन्हा प्रिन्सेस पार्क, मधे काही सामने टास्मानियात होबार्टला, आणि १९९४ पासून फुटस्क्रेचं वेस्टर्न ओव्हल. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला महिनाअखेरीला हाती काय उरतं ते आपल्याला ठाऊक आहे. मैदान दुसऱ्याचं, तर बारही दुसऱ्याचा आणि जाहिरातीच्या पाट्याही दुसऱ्याच्याच. शाळा सुटल्यावर सराव बघायला कुंपणाला लटकणारी गल्लीतली पोरंही गेली, आणि पुढचे सभासद त्याच पोरांतून व्हायचे असतात.

तरीही ऐंशीच्या दशकात संघ तगडा होता. १९८६ मध्ये प्रिलिमिनरी फायनलपर्यंत गेला, तिथून एक सामना जिंकला असता तर ग्रँड फायनल होती. १९८९ मध्ये फुटस्क्रेबरोबर विलीनीकरण ठरत आलं होतं. फुटस्क्रेच्या लोकांनी डबे घेऊन पैसे गोळा केले आणि ते हाणून पाडलं. फिट्झरॉयसाठी तसं कोण उभं राहणार? त्यांची माणसं पाच मैदानांच्या वाटेवर पांगलेली.

शेवटचं वर्ष वाचताना अजून माझ्या पोटात कालवतं. क्लबावर नाउरूच्या विमा महामंडळाचं साडेबारा लाख डॉलरचं कर्ज होतं. पॅसिफिकमधल्या त्या चिमुकल्या देशानं पैसे मागितले आणि जून १९९६ च्या अखेरीला क्लबावर प्रशासक बसला. नॉर्थ मेलबर्नशी विलीनीकरणाची बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. तो संघ मेलबर्नमध्येच राहिला असता, चाहत्यांना ट्रामनं जाता आलं असतं. पण नॉर्थला नेहमीपेक्षा मोठी खेळाडूंची यादी हवी होती, आणि दोन संघांतले चांगले गडी एकत्र आले तर आपलं काय, ही भीती बाकीच्या क्लबांना होती. ४ जुलैला मतदान झालं. नॉर्थचा प्रस्ताव १४ विरुद्ध १ मतांनी पडला आणि फिट्झरॉय ब्रिस्बेन बेअर्सना मिळाला. ब्रिस्बेननं खेळाडू घेतले आठ. दुसऱ्या वर्षी पोर्ट ॲडलेड लीगमध्ये यायचा होता आणि त्याला जागा हवी होती, हेही विसरू नका. एका क्लबाचं भवितव्य बाकीच्या क्लबांनी आपापल्या सोयीनं हात वर करून ठरवावं, हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते कुणालाही तोंडावर सांगेन.

निकाल लागल्यावरही मोसमाचे बरेच सामने खेळायचे बाकी होते. त्या वर्षी २२ सामन्यांत एकच विजय. २५ ऑगस्टला एमसीजीवर रिचमंडविरुद्ध मेलबर्नमधला शेवटचा सामना झाला. हार १५१ गुणांनी, आणि बघायला आलेली माणसं ४८ हजारांच्या वर. १ सप्टेंबरला पर्थमध्ये फ्रीमँटलविरुद्ध ८६ गुणांनी हरून फिट्झरॉयचा एएफएलमधला खेळ संपला.

मी कोल्हापूरची. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना शाहू स्टेडियमवर असला की आमच्याकडे संध्याकाळी घराघरांत तोच विषय. तालमीचा संघ म्हणजे पेठेची माणसं, हे मला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे नाव, रंग आणि क्लबाचं सिंहाचं चिन्ह उचलून सतराशे किलोमीटरवर नेले तर मागे राहिलेल्यांनी टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, हा प्रश्न मला इथं पहिल्यांदा आले तेव्हापासून पडलेला आहे. या विलीनीकरणातून झालेल्या ब्रिस्बेन लायन्सनी २००१, २००२ आणि २००३ अशी ओळीनं तीन अजिंक्यपदं जिंकली, पुढे २०२४ आणि २०२५ मध्येही. फिट्झरॉयचा क्रिस जॉन्सन पहिल्या तिन्ही विजयांत होता. त्यांचं विजयगीतही फिट्झरॉयच्याच चालीवर, फ्रान्सच्या राष्ट्रगीताच्या, बेतलेलं आहे. काही चाहते त्यात मनापासून रमले. काहींनी १९९६ नंतर फूटीकडे पाठ फिरवली ती कायमची. स्टँडमध्ये दोन्ही प्रकारची माणसं शेजारीशेजारी बसतात, आणि त्यातलं कोण चुकलं हे ठरवण्याचा अधिकार माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बाईला नाही.

कंपनी म्हणून क्लब मात्र मेला नाही. प्रशासकाच्या हातून सुटला, तग धरून राहिला, आणि २००९ मध्ये फिट्झरॉय रेड्स या हौशी क्लबाशी जोडून घेऊन व्हिक्टोरियातल्या हौशी संघांच्या लीगमध्ये, व्हीएएफएमध्ये, उतरला. मैदान तेच, १९६६ मध्ये सुटलेलं. म्हणून मी म्हणते की इथं या. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या गोष्टींपैकी ही एक त्यांनी परत मिळवली आहे, आणि प्रतिस्पर्धी कुणीही असो, ते ती जिद्दीनं सांभाळतात. खेळाचा दर्जा एएफएलचा नाही, चेंडू हातातून निसटतो, चौथ्या क्वार्टरला पाय जड होतात. पण टॅकल खरा असतो, आणि स्टँडमधून कुणी नावानं हाक मारली तर खेळाडू मान वर करून बघतो.

जायच्या आधी त्या शनिवारी सामना घरच्या मैदानावर आहे ना, ते वेळापत्रकात बघून घ्या. मोसम साधारण एप्रिल ते ऑगस्ट. मफलर किंवा जर्सी घ्यायची असेल तर क्लबाकडूनच घ्या, ते पैसे खेळाडूंच्या बँडेज-पट्ट्यांना आणि चेंडूंना लागतात. ब्रिस्बेनची जर्सी घालून आलात तरी कुणी हाकलत नाही. उलट शेजारचे आजोबा विचारतील, तुम्ही कधीपासून? खरं तेच सांगा. मग फिट्झरॉयबद्दल दोन प्रश्न विचारा आणि सामना संपेपर्यंत त्यांच्याजवळची जागा सोडू नका.