पाचव्यावर थांबावं की सहावं उघडावं?

ऱ्होड आयलंडमधल्या एका लहान गावातलं पुस्तकांचं दुकान, मालकीण पेनेलोपी आणि १९४९ साली त्याच जागी मारला गेलेला खाजगी गुप्तहेर जॅक. त्याचं भूत फक्त तिलाच ऐकू येतं. अ‍ॅलिस किम्बर्लीच्या या मालिकेची पाच पुस्तकं २००४ ते २००९ मध्ये आली, सहावं थेट २०१८ला.

पाचव्यावर थांबले तर गोडी टिकेल. खून, संशयित, उलगडा हा साचा आता पाठ झालाय. शिवाय दोघांचं नातं पुढे सरकत नाही. कसं सरकणार? ती जिवंत, तो नाही. याची मला खरंच हुरहूर लागते.

पुढे वाचायचं ते जॅकसाठी. त्याचं जुनं नाणं जवळ असलं की तो दुकानाबाहेरही तिच्यासोबत येतो. गार झुळूक येते आणि तो बोलू लागतो. स्वप्नात तो तिला चाळीसच्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये, आपल्या जुन्या प्रकरणांत घेऊन जातो. ती पानं मी पुरवून पुरवून वाचते. नुसतं रहस्य हवं असेल, तर थांबलेलं बरं. मी मात्र सहावं मागवलंय.