जुना यूपीएस, तीन केबली आणि सहा महिन्यांचा अनुभव

मी अक्षरजुळणी करते. तीनशे-साडेतीनशे पानांचं पुस्तक दिवसभर स्क्रीनवर उघडं असतं आणि लेखकाच्या दुरुस्त्या एकामागून एक चढत असतात. अशा वेळी वीज गेली की शेवटचं सेव्ह केल्यापासूनचं सगळं पुन्हा करायचं. ओळखीच्या एका कार्यालयातून ६०० व्हीए क्षमतेचा जुना यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर कॉम्प्युटर बॅटरीवर चालू ठेवणारा डबा, मिळाला, त्यात १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी बसवली आणि आता सुटले असं वाटलं. घरी आणून पाठ बघितली, तर भिंतीवर असतं तसं सॉकेट एकही नाही. नुसती चार काळी तोंडं, प्रत्येकात तीन चिरा. माझ्याकडच्या सगळ्या केबलींना भिंतीत जाणारा प्लग, त्यामुळे एकही लागेना.

म्हणून हे परीक्षण यूपीएसचं कमी आणि त्याला लागलेल्या केबलींचं जास्त आहे. सहा महिन्यांत माझं काम एकदाच बुडालं आणि ते बॅटरीमुळे नाही, केबलमुळे बुडालं.

आधी नावं सांगते, कारण दुकानात "यूपीएसची केबल द्या" म्हटलं की काहीही हातात येतं. कॅबिनेटच्या मागे, एसएमपीएसवर (कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारा डबा), पिना असलेली जी खोबण असते ती सी-१४. त्यात बसणारं केबलचं टोक सी-१३. आकार आयताचा, दोन कोपरे छाटलेले, म्हणजे उलटं बसायला नको. यूपीएसच्या मागची ती काळी तोंडं सी-१३च्याच जातीची. त्यामुळे मला हवी होती ती एका टोकाला सी-१४ आणि दुसऱ्या टोकाला सी-१३ असलेली केबल. जुन्या कॉम्प्युटरांत मॉनिटरला वीज कॅबिनेटमधूनच मिळायची, ती ह्याच केबलने. म्हणून कित्येक दुकानदार हिला अजून मॉनिटर केबल म्हणतात, आणि त्या नावाने मागितली तर पटकन मिळते.

पहिली केबल मी घाईत घेतली. दिसायला जाड, काळीभोर, वर १० अँपिअर छापलेलं. लागली, कॉम्प्युटर सुरू झाला, मी खूश. पंधराएक दिवसांनी खुर्ची मागे सरकवताना पाय केबलला जेमतेम लागला आणि स्क्रीनवरचं पुस्तक गेलं. वीज होती. यूपीएसचा हिरवा दिवा शांतपणे चालू होता. फक्त कॅबिनेटच्या टोकाला केबल अर्ध्या मिलिमीटरने हलली होती. चाळीस पानांच्या तळटीपा मी त्या रात्री पुन्हा लावल्या. सी-१३ टोक कॅबिनेटमध्ये दाबून बसवल्यावर काढायला जोर लागायला हवा. ते लोंबत असेल, बोटाने हलत असेल, तर केबल कितीही जाड दिसो, ती परत करा. सैल जोड गरम होतो, ती भीती वेगळीच.

दुसरी केबल घेताना मी आमच्या वायरमन काकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, छापलेलं वाचा आणि अर्थिंग मोजा. बाकी सगळं नंतर." बाहेरच्या आवरणावर ३ × ०.७५ असं उठवलेलं हवं, म्हणजे आत तीन तारा, प्रत्येक पाऊण चौरस मिलिमीटरची. १० अँपिअरच्या दोन मीटरपर्यंतच्या केबलला तेवढं पुरतं, लांब हवी असेल तर १ चौरस मिलिमीटरची घ्यावी. अर्थिंग मोजायला साधा मल्टिमीटर पुरला. केबल दोन्हीकडून सुटी असताना मधली पिन आणि मधली चीर यांवर टोकं टेकवली आणि बीप ऐकली, म्हणजे तार सलग आहे. मग सगळं जोडून, पण यूपीएसचा प्लग भिंतीतून काढलेला ठेवून, त्या प्लगची अर्थची पिन आणि कॅबिनेटचा उघडा स्क्रू यांमध्येही बीप ऐकली. ही दुसरी बीप महत्त्वाची, कारण ती वाटेतल्या सगळ्या जोडांमधून येते. ह्या केबलला माझ्याकडून पूर्ण गुण. सहा महिन्यांत एकदाही हललेली नाही, तासन्‌तास कामानंतर हात लावला तरी गार असते.

मॉनिटरचा प्रश्न वेगळा निघाला. त्याला वीटेसारखा अडॅप्टर आहे आणि अडॅप्टरला भिंतीत जाणारी केबल. मी सरळ सी-१४ ते साधं सॉकेट अशी वीतभर लांबीची जोड-केबल घेतली. तिचं काम झालं, पण एक जोड वाढला, आणि वाढलेला प्रत्येक जोड पुढेमागे सैल व्हायचाच. नंतर लक्षात आलं की अडॅप्टरची केबल त्याच्यापासून सुटी होते आणि त्या टोकाला तीन पाकळ्यांच्या पानासारखा आकार आहे. तो सी-५, लॅपटॉपच्या अडॅप्टरला असतो तोच. एका टोकाला सी-१४ आणि दुसऱ्याला सी-५ अशी सरळ केबल मिळते. ती लावली आणि तो जोड एका फटक्यात कमी झाला. तुमच्या उपकरणाची केबल मागून सुटी होत असेल तर सॉकेटवाली जोड-केबल घेऊच नका, सरळ केबल शोधा.

सॉकेटवाली मी राउटरसाठी ठेवली, कारण त्याचा अडॅप्टर प्लगलाच चिकटलेला असतो. पण तिची एक काळजी मनातून जात नाही. मोकळं सॉकेट दिसलं की घरातलं कुणीही त्यात काहीही खुपसतं. लेझर प्रिंटर तर अजिबात नको, त्यातला शाई भाजणारा रोलर तापताना इतका करंट ओढतो की छोटा यूपीएस तिथेच मान टाकतो. माझ्या यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलंय, पण खाली बारीक अक्षरांत ३६० वॉट आहे, आणि हिशेब त्या वॉटचाच करायचा. कॅबिनेट आणि मॉनिटर मिळून माझा लोड साधारण १४० वॉट. बॅटरीवर चौदा मिनिटं मिळाली.

दोन्ही टोकांना उघड्या पिना असलेली केबल कुणी "जुगाड" म्हणून करून देत असेल तर हात जोडून नाही म्हणा. एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या पिनांत वीज उघड्यावर असते. माणूस मरतो त्याने.

आणखी एक गोष्ट मला चाचणीतच कळली. चार तोंडांपैकी एक फक्त व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारं आहे, त्याला बॅटरी नाही. मी मॉनिटर नेमका तिथे लावला होता. बोर्डावरचं बटण बंद केलं, कॅबिनेट गुरगुरत राहिलं आणि स्क्रीन काळी. खूण छापलेली आहे, पण काळ्यावर राखाडी. आता मी त्या तोंडावर पांढरी पट्टी चिकटवली आहे. अशी चाचणी घेताना बटणच बंद करावं, यूपीएसचा प्लग उपटू नये. प्लग उपटला की अर्थिंगही सुटतं. वीज जाताना कॉम्प्युटर रीस्टार्ट होईल का, ही माझी भीतीही तेव्हाच गेली. असा यूपीएस काही मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो आणि चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवरही सुमारे १६-१७ मिलिसेकंद तग धरतो.

तिसरी केबल विजेची नाहीच, पण मला सगळ्यांत जास्त तिच्याबद्दल सांगायचं आहे. यूपीएसच्या मागे चौकोनी यूएसबी-बी तोंड होतं. प्रिंटरला असते तसली साधी केबल लावली आणि विंडोजमध्ये लॅपटॉपसारखं बॅटरीचं चिन्ह उमटलं. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन मी बॅटरी २५ टक्क्यांवर आली की कॉम्प्युटर आपोआप हायबरनेट व्हावा, म्हणजे उघडं काम डिस्कवर जसंच्या तसं ठेवून बंद व्हावा, असं ठरवलं. लिनक्सवाल्यांसाठी ह्याच कामाचं एनयूटी हे मोफत सॉफ्टवेअर आहे. गेल्या महिन्यात मी बाहेर असताना वीज गेली. परत येऊन कॉम्प्युटर सुरू केला तर पुस्तक त्याच पानावर उघडं, कर्सर त्याच ओळीत. चौदा मिनिटांचा बॅकअप माणूस समोर असेल तरच उपयोगी, ही केबल असेल तर माणूस नसतानाही. काही यूपीएसवर हे तोंड लॅन केबलसारखं दिसतं. तिथे लॅन केबल खुपसू नका, आतल्या पिनांची मांडणी वेगळी असते. कंपनीचीच केबल मागवा.

पहिली सैल केबल मी कुणाला दिली नाही. भिंतीतून आणि यूपीएसमधून पूर्ण सुटी आहे हे दोनदा बघून पक्कडीने मधोमध कापली. पिनांना चुंबक लावलं, चिकटलं, म्हणजे पितळ नाही, लोखंडावर मुलामा. तारा तांब्याच्या रंगाच्या होत्या, ब्लेडने खरवडल्यावर आतून पांढऱ्या निघाल्या.